वाफ, पाणी आणि नळाचा फाटा



वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात काव्य, इतिहास, अध्यात्म आणि राजकारण यांवर बोलणारे अधिकारी वक्ते आपण दरवर्षी ऐकता. त्यांच्या पंक्तीला नळाच्या फाट्यावर बोलणारा मनुष्य बसवावा असे चालकांना का वाटले, ते तेच जाणोत. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण काही नगरवाचनालयात झाले, काही बॉयलरच्या दाराशी फिटर आणि फायरमन यांच्या संगतीत झाले आणि उरलेले कामगार संघटनेच्या कचेरीत अपघातांचे कागद वाचता वाचता झाले. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, ते या तीन शाळांतले आहे.

विषय थोडक्यात असा : एकाच नळातून वायू आणि द्रव असे दोन्ही पदार्थ वाहत असले, तर नळाच्या फाट्यावर त्यांची फारकत कशी करावी, आणि ती न केल्यास काय होते? ऐकायला नीरस वाटेल. पण या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे, किंबहुना ठाऊक असून त्याकडे काणाडोळा केल्यामुळे, माणसे भाजली आहेत आणि मेलीही आहेत. म्हणून आपण तासभर धीर धरावा, अशी विनंती आहे.

आरंभ घरापासून करू. आपल्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात जाळीखाली एक भांडे बसवलेले असते. प्लंबर त्याला ‘नाहणी ट्रॅप’ म्हणतात. त्यात बोटभर-दोन बोटे पाणी नेहमी साचून राहते. वरून ओतलेले पाणी त्यातून खुशाल पलीकडे जाते. पण पलीकडच्या गटारातला दुर्गंधी वायू त्या साचलेल्या पाण्यामुळे घरात येऊ शकत नाही. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपासाठी वाकड्या नळाचे पेटंट घेतले, त्यात हीच युक्ती होती. मे महिन्यात घर बंद ठेवून मंडळी गावी जातात, तेव्हा ते पाणी आटते आणि परत आल्यावर घराला वास येतो. घरातली जाणती बाई एक तांब्या पाणी ओतते आणि प्रश्न मिटतो. हा एक द्वारपाल आहे. पाण्याला वाट द्यायची, वायूला अडवायचे, एवढेच त्याचे काम. तो चोख काम करीत असतो तोवर त्याची कोणालाच आठवण होत नाही.

कारखान्यात याचाच एक भाऊ राहतो. त्याचे नाव ‘स्टीम ट्रॅप’. त्याचेही काम तेच : पाणी जाऊ द्यायचे, वाफ अडवायची. घरच्या द्वारपालाने दगा दिला तर नाकाला त्रास होतो; कारखान्यातल्याने दगा दिला तर काय होते, ते समजण्यासाठी वाफेचा स्वभाव आधी पाहिला पाहिजे.

एक लिटर पाणी उकळून त्याची साध्या हवेच्या दाबाची वाफ केली, तर ती सोळाशे लिटरांहून अधिक जागा व्यापते. बॉयलरमध्ये ती दाबून ठेवतात. आपल्याकडच्या सायझिंगमध्ये किंवा प्रोसेस हाऊसमध्ये ज्याला ‘सात किलोचा दाब’ म्हणतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सात किलो, त्या दाबाला वाफेचे तापमान सुमारे १७० अंश असते आणि एक किलो वाफ सुमारे २४० लिटर जागा घेते. म्हणजे त्याच तापमानाचे पाणी त्या वाफेपेक्षा दोनशे पटींहून अधिक जड असते. हा ‘दोनशे पट’ आकडा ध्यानात ठेवावा. पुढचे सारे नाट्य त्यातून घडते.

आता ही वाफ नळातून निघाली. नळ लोखंडाचा, बाहेर गारवा. वाफ नळाला उष्णता देते आणि देता देता तिचे पुन्हा पाणी होते. फिटर या पाण्याला ‘कंडेन्सेट’ म्हणतात. नळाला कितीही चांगले लॅगिंग केले, तरी हे थोडेबहुत व्हायचेच. सुटीनंतर थंड पडलेली लाईन सुरू करताना तर ते फार होते. चार इंची नळ मीटरला सुमारे सोळा किलो भरतो. असा पन्नास मीटर नळ म्हणजे आठशे किलो लोखंड. ते नुसते तापवून कामाला लावण्यातच पंचवीस-तीस लिटर पाणी नळात तयार होते. दोन-तीन घागरी म्हणा. नळ बंद, आत वाफ खेळते आहे आणि तळाशी या दोन-तीन घागरी लोळत आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

वाफ मुख्य नळातून सेकंदाला पंचवीस मीटर धावते, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, एस.टी. मोटारीपेक्षा जलद. खाली पाणी संथ, वर वारा सोसाट्याचा. तळ्यावर वादळ सुटले की लाटा उठतात, तसेच नळात होते. लाट वाढता वाढता नळाच्या माथ्याला टेकली, की तिच्यामागे वाफ कोंडते आणि पाण्याचा तो गोळा बंदुकीतल्या गोळीसारखा पुढे फेकला जातो. वाफ वळणावरून सहज वळते, कारण ती हलकी. पाणी दोनशे पट जड. ते वळत नाही, ते आदळते. बेंडवर, व्हॉल्व्हवर किंवा फाट्याच्या बंद तोंडावर.

हा दणका किती मोठा असतो? मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याचे नळ वारंवार का फुटतात, याचा शोध झुकोव्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने लावला आणि १८९८ साली तो प्रसिद्ध केला. त्याच्या हिशेबाचे सार असे की, भरल्या नळातले पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने चालले असता एकदम थांबवले, तर नळात दर चौरस सेंटिमीटरला बारा ते चौदा किलोंचा जादा दाब उसळतो. दहा मीटर वेगाचा गोळा थबकला, तर हिशेबाने शंभराहून अधिक किलो होतात! आणि आपला व्हॉल्व्ह बसवलेला असतो सात-दहा किलोंसाठी.

दणक्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो अधिक कपटी आहे. नळात थंड झालेले पाणी साचले आहे आणि त्यात वाफेचा एक मोठा बुडबुडा अडकला आहे, असे समजा. चहूबाजूंच्या थंड पाण्याने त्या वाफेचे क्षणात पाणी होते. जिथे कित्येक लिटर वाफ होती, तिथे चमचाभर पाणी उरते आणि मध्ये पोकळी पडते. ती भरण्यासाठी दोन्ही बाजूंचे पाणी धावते आणि एकमेकांवर आपटते. याला वाफेचा वेग लागत नाही. व्हॉल्व्ह केसभर उघडला तरी हे होऊ शकते. म्हणून ‘हळूहळू उघडा म्हणजे भीती नाही’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. आत थंड पाणी असेल, तर हळू उघडणाऱ्याचाही घात होतो. खरा नियम असा : आधी पाणी काढा, मग वाफ सोडा.

मग पाणी काढायचे कसे? येथे आपण नळाच्या फाट्याशी येतो.

सामान्य माणसाला वाटते की, नळाला फाटा फोडला म्हणजे आत जे काही वाहते ते दोन्हीकडे वाटले जाते. निव्वळ पाणी असेल तर हिशेब जुळतो, निव्वळ वायू असेल तरी जुळतो. पण दोन्ही एकत्र असतील तर मुळीच जुळत नाही. जड पदार्थ आपल्या झोकाने सरळ जाऊ पाहतो आणि हलका पदार्थ वळून फाट्यात शिरतो. कधी याच्या उलटही होते : नळाच्या भिंतीला चिकटून संथ सरकणारे पाणी झोक नसल्यामुळे वायूबरोबर ओढले जाते आणि सगळेच्या सगळे फाट्यात उतरते. नेदरलँड्समधील नैसर्गिक वायूच्या नळजाळ्याविषयी १९७३ साली जे लिहिले गेले, त्यात हाच अनुभव होता. वायूबरोबर आलेले थोडे द्रव सर्व ठाण्यांवर सारखे पोचत नसे. काही ठाणी त्याने बेजार होत, तर काही कोरडीच राहत. वाटणी समान नव्हती, पण तिला नियम होता.

ज्याला नियम आहे, त्याला कामाला लावता येते. इंग्लंडातील नॉटिंगहॅम विद्यापीठाचे अझोपार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे या फाट्याचाच अभ्यास केला आणि एका रासायनिक कारखान्यात साधा टी-जोडच वायू-द्रव यांची निम्मीशिम्मी फारकत करण्यासाठी कसा वापरला, ते २००२ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडेही हाच प्रश्न आहे. १९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले आणि पुढे समुद्राखालून नळ उरणला आले. वायूबरोबर येणारे द्रवाचे लोंढे तेथे प्रथम अडवावे लागतात. त्या योजनेला ‘स्लग कॅचर’ म्हणतात. साखर कारखान्यात उसाचा रस उकळताना वाफेबरोबर रसाचे थेंब उडून जाऊ नयेत म्हणून भांड्याच्या माथ्यावर जे अडवण बसवतात, त्याचे नाव ‘सेव्ह-ऑल’. नावे वेगळी, तत्त्व एकच. जड पदार्थाला थोडा वेळ, थोडी जागा आणि खाली उतरण्याची वाट द्या. तो आपण होऊन वेगळा होतो.

वाफेच्या लाईनीत हे तत्त्व चार साध्या गोष्टींत उतरते आणि जुने फिटर त्या तोंडपाठ म्हणून दाखवतात. पहिली : नळाला वाफेच्या दिशेने उतार हवा, शंभराला एक. दुसरी : यंत्राकडे जाणारा फाटा मुख्य नळाच्या माथ्यावरून काढावा, तळातून काढू नये, म्हणजे कोरडी वाफ वर चढते आणि पाणी खाली राहते. तिसरी : दर तीस ते पन्नास मीटरवर, तसेच नळ जिथे वर चढतो त्याच्या पायथ्याशी आणि व्हॉल्व्हच्या आधी, तळाला पाणी उतरण्यासाठी खिसा हवा. यालाच ‘ड्रेन पॉकेट’ म्हणतात. चौथी : त्या खिशाला स्टीम ट्रॅप हवा.

या खिशाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पैसे वाचवण्याची इच्छा नेमकी येथे उफाळून येते. चार इंची नळाच्या तळाला अर्ध्या इंचाचे भोक पाडून त्याला ट्रॅप लावतात आणि काम झाले असे समजतात. पण धावते पाणी अर्ध्या इंचाच्या भोकावरून उडी मारून पुढे जाते. भरधाव धावणारा मुलगा अंगणातली चिंचोळी चर ओलांडतो, तसेच. त्याला पाडायचे असेल तर खड्डाच हवा. म्हणून चार इंची नळाला चार इंचीच खिसा पाहिजे आणि ट्रॅपचा नळ त्या खिशाच्या बाजूने काढला पाहिजे. म्हणजे गंज आणि कचरा तळाशी बसतो आणि ट्रॅप तुंबत नाही.

हे न झाल्यास काय होते, याचे दाखले जगापुढे आहेत. न्यूयॉर्क शहरात घरे तापवण्यासाठी रस्त्याखालून वाफेचे नळ गेले आहेत. १९ ऑगस्ट १९८९ रोजी ग्रॅमर्सी पार्कजवळ दुरुस्तीनंतर वाफ पुन्हा सुरू करताना नळ फुटला. कंपनीचे दोन कामगार आणि तेथील एक रहिवासी असे तिघे मेले. १९९३ च्या जूनमध्ये अमेरिकेतीलच हॅनफर्डच्या अणुकेंद्रात खड्ड्यात उतरून वाफेचा व्हॉल्व्ह उघडणारा एक कामगार भाजून मेला. नळात पाणी साचलेले होते. १८ जुलै २००७ रोजी पुन्हा न्यूयॉर्कमध्ये, लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर, १९२४ साली घातलेला नळ फुटला आणि भर रस्त्यात वाफेचा स्तंभ इमारतीएवढा उंच उसळला. एक स्त्री मृत्युमुखी पडली आणि चाळीसांहून अधिक लोक जखमी झाले. चौकशीत काय निघाले? त्या सकाळी मोठा पाऊस झाला होता, त्याने नळ गार पडला आणि आत भराभर पाणी जमले. ते काढून टाकायला दोन ट्रॅप होते. पण पूर्वी एक गळती बुजवताना भरलेल्या चिकट द्रव्याचे तुकडे आत जाऊन ते दोन्ही तुंबले होते. नळ त्र्याऐंशी वर्षे टिकला होता. त्याला पाण्याने मारले आणि पाण्याची वाट ओंजळीत मावणाऱ्या एका वस्तूने अडवली होती.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच भागातल्या एका कापडाच्या प्रोसेस हाऊसची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. साप्ताहिक सुटीनंतर पहाटेची पाळी सुरू होत होती. लाईनीत ठोक्यांचा आवाज येऊ लागला, कोणी आतून हातोडी मारावी तसा. फायरमन जुना होता. तो म्हणाला, “साहेब, लाईन बोलतेय. आधी ड्रेन मारू द्या, वीस मिनिटं लागतील.” साहेबांना गाठी भिजत पडलेल्या दिसत होत्या. त्यांनी दुसऱ्या हेल्परला व्हॉल्व्ह उघडायला सांगितले. दोन ठोके मोठे झाले आणि फ्लँजचे गॅस्केट फुटले. पोराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. कंपनीच्या कागदावर कारण लिहिले गेले : ‘कामगाराने व्हॉल्व्ह निष्काळजीपणे उघडला.’ आम्ही तो खिसा खोलायला लावला. आत गंजाचा गच्च गोळा निघाला आणि कित्येक महिने त्यातून थेंब उतरला नव्हता. नंतर कारण बदलले गेले आणि भरपाईही मिळाली. पण हाताची कातडी काही पूर्वीसारखी झाली नाही.

या प्रकरणाने मला एका गोष्टीचा विचार करायला लावले. ट्रॅप दोन तऱ्हांनी बिघडतो. एक, तो उघडाच राहतो. मग वाफ फुकट जाते, जळण जास्त लागते, महिन्याच्या हिशेबात आकडा वाढतो आणि मालकाचे लक्ष तत्काळ तिकडे जाते. दुसरे, तो बंदच राहतो. मग वाफ वाया जात नाही, जळणाचा खर्च वाढत नाही, हिशेबवहीत सारे आलबेल दिसते. फक्त नळात पाणी चढत राहते. उघड्या ट्रॅपची किंमत मालक भरतो म्हणून तो दुरुस्त होतो. बंद ट्रॅपची किंमत व्हॉल्व्हपाशी उभा असलेला मनुष्य भरतो आणि त्याचे नाव हिशेबवहीत कोठेच नसते. सारे मालक दुष्ट असतात, असे माझे म्हणणे नाही. ज्या नुकसानाचा आकडा लिहिला जात नाही, ते कोणालाच दिसत नाही, एवढेच मी म्हणतो.

आपण विचाराल, कायदा आहे ना? आहे. कलकत्त्यात १८६३ साली बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. १९२३ साली साऱ्या देशासाठी झाला आणि त्याची जागा २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली. १९२३ च्या कायद्यानेसुद्धा वाफेचे मोठे नळ तपासणीच्या कक्षेत आणले होते आणि त्यांचा अपघात चोवीस तासांत लेखी कळवणे बंधनकारक केले होते. तथापि निरीक्षक यायचा तो ठरल्या दिवशी. पाणी साचते ते रोज पहाटे. कायद्याचा हात त्या खिशापर्यंत रोज पोचवायचा असेल, तर तेथे रोज उभा असलेल्या माणसाच्या हातात तो द्यावा लागेल.

म्हणून आमच्या संघटनेने पगार-बोनसच्या मागण्यांबरोबर चार बारीक मागण्या मांडल्या. प्रत्येक खिशाला नंबर द्यावा आणि भिंतीवर त्याचा नकाशा लावावा. ट्रॅप दर आठवड्याला तपासून वहीत नोंद व्हावी आणि त्या नोंदीवर फायरमनची सही असावी. ड्रेनचा व्हॉल्व्ह अशा जागी असावा की उघडणारा मनुष्य वाफेच्या तोंडासमोर उभा राहणार नाही. आणि लाईनीत ठोके ऐकू आले, तर वाफ सोडायला नकार देण्याचा अधिकार फायरमनला असावा व त्या नकाराबद्दल त्याला शिक्षा होऊ नये. पहिल्या तीन मागण्या बहुतेक ठिकाणी लवकर मान्य झाल्या. त्यांना खर्च फारसा नव्हता. चौथीवर मात्र खूप ताणले गेले. तिला तर एक पैसाही लागत नव्हता! पण वीस मिनिटे कोणाच्या शब्दावर थांबायची, असा तो प्रश्न होता आणि अशा प्रश्नांना पैशाहून अधिक किंमत असते.

मी तर म्हणतो, फायरमनचा कान हेही एक यंत्रच आहे. वीस वर्षे एका लाईनीजवळ उभा राहिलेला मनुष्य ठोक्यावरून सांगतो की पाणी कोणत्या फाट्याशी अडले आहे. त्याला झुकोव्स्कीचे नाव माहीत नसेल, पण झुकोव्स्कीने कागदावर मांडले ते तो ऐकतो. शास्त्र आणि अनुभव यांचे एकमत झाले असताना घाईने त्यांचा शब्द मोडावा, हे शहाण्या समाजाला शोभत नाही.

शेवटी पुन्हा आपल्या न्हाणीघराकडे वळतो. तो द्वारपाल गटारातला वायू घरात येऊ देत नाही, म्हणून आपण सुखाने राहतो. पण तो वायू नाहीसा झालेला नसतो. तो पलीकडे आहे आणि गटार तुंबले की आजही तेथे माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने हे निषिद्ध केले. सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूबद्दल २०१४ साली दहा लाखांची आणि २०२३ साली तीस लाखांची भरपाई ठरवून दिली. तरीही वर्तमानपत्रात त्या बातम्या येतच राहतात. फारकत आपल्या सोयीची झाली की आपण पलीकडे पाहायचे सोडून देतो. नळाचा फाटा असो की गटाराचे तोंड, पलीकडच्या बाजूला कोण उभा आहे, एवढे विचारण्याची सवय लागली, तरी पुष्कळ माणसे वाचतील.

आपल्यांत कारखानदार आहेत, हिशेबनीस आहेत, शिक्षक आहेत. कारखानदारांनी उद्या सकाळी आपल्या लाईनीखाली एक फेरी मारावी आणि किती खिसे आहेत, ते मोजावेत. हिशेबनिसांनी बंद ट्रॅपसाठीही वहीत एक रकाना ठेवावा. शिक्षकांनी मुलांना वाफेचे इंजिन शिकवताना वाफेतल्या पाण्याविषयीही दोन शब्द सांगावेत. आणि रस्त्याने जाताना एखाद्या कारखान्याच्या भिंतीपलीकडून ठोके ऐकू आले, तर आपणा सर्वांना एवढे कळावे की आत पाणी वाट मागते आहे.